चौदा मोटारींची हजेरी

"हलवू नकोस! अरे, फोन हलवू नकोस म्हणते ना!"

"मी कुठं हलवायलोय? हातच हलायलाय!" बबलू रडकुंडीला येऊन म्हणाला. गेली दहा मिनिटं तो स्टुलावर उभा राहून फोन धरून होता आणि राजेश्री काही केल्या 'बास' म्हणत नव्हती.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. बाकीची पोरं उरलेले फटाके उडवत झरी गावभर हिंडत होती. पण राजेश्रीला सुट्टीचं काही सुचत नव्हतं. तिचे अण्णा, म्हणजे वडील बन्सीधर, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. मोटारीतली जळकी तार काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे, हे त्यांचं काम. वीस वर्षं हे दुकान चालू होतं आणि अण्णांच्या हाताला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. परवापर्यंत!

परवा व्यंकटराव दुकानात आले होते. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि आवाजही सगळ्यात मोठा त्यांचाच. त्यांनी जळालेली मोटार दुकानासमोर दाणकन टाकली.

"बन्सी, तिसऱ्यांदा जळाली! दोन महिन्यांत तिसऱ्यांदा! तांबं म्हणून काय भरायलास आत? माझ्या एकट्याचीच न्हाई, आमी चौदा जण ज्या डीपीवरून लाईट घेतो, त्यावरच्या पाच जणांच्या जळाल्यात. रविवारी आमी चौदा जण बसतो. त्यानंतर एक मोटार तुझ्याकडं यायची न्हाई. सगळ्या परभणीला!"

अण्णांनी मोटार उचलून आत ठेवली. रात्री जेवताना ते हळूच म्हणाले, "नाव गेल्यावर दुकान ठेवून काय करू? पुण्याला एखाद्या कंपनीत बघतो."

राजेश्रीनं हातातला घास ताटात ठेवला. तेरा वर्षांची ही पोर अण्णांच्या मांडीला मांडी लावून वेढे भरायला शिकली होती. दुकानाच्या पाटीवर एक दिवस आपलंही नाव लागणार, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. आणि आता पाटीच उतरणार?

म्हणूनच आजचा हा व्हिडिओ. अण्णांची तार खरवडून आतलं तांबं दाखवायचं, मीटरवर मोजून दाखवायचं आणि रविवारी सगळ्यांपुढे फोन धरायचा, असा तिचा बेत होता.

"झालं का? माझे हात गळून पडतील!" बबलू ओरडला.

"झालं, झालं. उतर."

दिपालीनं फोन घेतला आणि व्हिडिओ लावला. दिपाली म्हणजे राजेश्रीची आतेबहीण, वालूरची. दर सुट्टीत मामाकडे यायची. या वेळी तिनं आपल्या दादाचा जुना लॅपटॉप आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्डही आणला होता. सरांनी "जळाला तर भरून दे" अशी तंबी देऊनच तो दिला होता.

"अगं, हे काय चमकायलंय?" दिपाली एकदम म्हणाली.

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. व्हिडिओत अण्णांचं व्होल्टेज मोजायचं, हातात मावणारं पिवळं मीटर दिसत होतं. त्याच्या डोक्याशी करंगळीच्या नखाएवढी काळ्या काचेची खिडकी होती आणि त्या खिडकीत जांभळा उजेड लुकलुकत होता.

राजेश्रीनं खरं मीटर हातात घेतलं. खिडकी काळीकुट्ट! फोनमधून बघितलं तर लुकलुक! डोळ्यांनी बघितलं तर काही नाही!

"भूत हाय आत," बबलूनं निकाल दिला.

"भूत नाही रे, रिमोट!" दिपाली टाळी वाजवून म्हणाली. "टीव्हीच्या रिमोटचा उजेडही डोळ्यांना दिसत नाही, फोनला दिसतो. बबलू, तू मघाशी मीटरचं कोणतं बटण दाबलं होतंस?"

बबलूनं आधी "कोणतंच न्हाई" म्हटलं आणि मग कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. ते दाबलं की पडद्यावर बारीक खूण उमटायची आणि लुकलुक सुरू व्हायची. पुन्हा दाबलं की बंद.

"अण्णा, ह्या खिडकीतून काय बाहेर पडतं?" राजेश्रीनं विचारलं.

अण्णा तार गुंडाळत होते. "कुणाला ठाऊक! नांदेडच्या जुन्या बाजारातून घेतलं तवा पुस्तक नव्हतं की केबल नव्हती. विकणारा म्हणला, हे कॉम्प्युटरला आकडे सांगतं. मला कुठं कॉम्प्युटरला काय सांगायचं होतं?"

राजेश्री उठूनच उभी राहिली. "म्हणजे हे मीटर दिवसभर बोलत राहील आणि लॅपटॉप लिहून घेईल? अण्णा, तुम्ही डीपीवर व्होल्टेज बघायला कधी जाता?"

"दुकानातलं काम उरकून. अकरा-साडेअकराला. चारशे दहा, चारशे वीस. कधी खोट न्हाई."

"आणि अकराच्या आधी?"

अण्णांचे हात थांबले. "आधी कोण बघायला बसलंय?"

तांब्याचा व्हिडिओ तिथंच राहिला. तार चांगली आहे हे दाखवून मोटारी का जळतात ते कळणार नव्हतंच. आता मीटरची भाषा शिकायची होती आणि हातात होते पाच दिवस!

पहिला दिवस वाया गेला. त्यांनी भंगारातल्या टीव्हीतला रिमोटचा उजेड पकडणारा डोळा, म्हणजे सेन्सर, काढला आणि खिडकीसमोर लावला. लॅपटॉपवर काहीच येईना. संध्याकाळी दिपालीच्या लक्षात आलं की रिमोटचा उजेड एका ठरावीक वेगानं थरथरतो आणि तो डोळा तेवढाच ओळखतो. मीटरचा उजेड साधा होता. त्याला साधाच डोळा हवा होता.

"गोळीवाला माउस!" राजेश्री ओरडली. ग्रामपंचायतीनं फेकून दिलेले पोटात गोळी असणारे तीन जुने माउस दुकानाच्या माळ्यावर पडून होते. गोळी फिरली की आतल्या साध्या डोळ्यासमोरचा उजेड तुटायचा आणि त्यावर माउस चालायचा. त्यातला एक डोळा निघाला, बोर्डाला जोडला, खिडकीला चिकटपट्टीनं चिकटवला. दिपालीनं लुकलुक वाचायचा वेग बदलत बदलत एक-एक करून बघितला आणि चौथ्या खेपेला लॅपटॉपच्या पडद्यावर ओळी धावू लागल्या.

"आल्या! आल्या!" तिघंही नाचले.

नाचून झाल्यावर तिघंही पडद्याकडे वळले. ओळी आल्या होत्या, पण त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मीटरवर स्पष्ट १५२ दिसत होतं आणि लॅपटॉपवर नुसती शून्यं आणि एकं!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वही भरून गेली. मग बबलूच म्हणाला, "ह्या ओळी चौदा-चौदाच्या टोळीनं येतात. आणि बघ, दिपालीनं शिकवलेल्या शून्य-एकच्या मोजणीनं डोक्याकडच्या चार खुणा वाचल्या तर पहिलीच्या डोक्यावर एक, दुसरीच्या दोन, मग तीन, थेट चौदापर्यंत! ही तर हजेरी हाय! हजेरी क्रमांक सांगायचा, मग काय ते बोलायचं."

"आणि बोलतात काय?" राजेश्री म्हणाली. "क्रमांकापुढं फक्त चार खुणा. शून्य नाहीतर एक. त्याही तशाच वाचल्या तर मीटरवरच्या आकड्याशी जुळत नाहीत!"

दिपाली मीटरच्या पडद्याकडे टक लावून बघत होती. तिनं काडेपेटी उघडली आणि सात काड्यांचा आठ मांडला. "पडद्यावरचा प्रत्येक आकडा असा सात रेघांचा असतो. मीटर आकडा सांगतच नसेल! कोणत्या रेघा पेटल्यात तेवढंच सांगत असेल. दोन क्रमांक मिळून आठ खुणा. सात रेघांना सात, आणि एक उरली ती टिंबाला!"

"पण कोणती खूण कोणत्या रेघेची?"

तिथं गाडं अडलं. शेवटचा आकडा ठरत होता क्रमांक आठ आणि नऊवर, एवढं कळलं. पुढं सगळा गोंधळ. संध्याकाळ व्हायला आली. बबलू उठला. त्याचे आजोबा, येडबा आजा, मेंढरं घेऊन परतायची वेळ झाली होती.

"आजा मेंढरं कशी मोजतो ठाऊक हाय का?" जाता जाता तो म्हणाला. "मोजतच न्हाई! म्हणतो, मोजीत काय बसायचं? कोण न्हाई आलं ते बघायचं. दीडशेतली एक नसली तरी नावानिशी सांगतो."

राजेश्रीनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "काय म्हणालास?"

"आजाला मोजता येत न्हाई, तसं न्हाई..."

"अरे येड्या, हेच हवं होतं! आठ म्हणजे सगळा कळप! सातही रेघा हजर. मग शून्य आणायचं. शून्यात फक्त मधली काडी नसते. जी खूण गैरहजर, ती मधली! नऊमध्ये खालची डावी नसते. सहामध्ये वरची उजवी!"

मीटरला जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण जोडलं होतं. ते फिरवलं की आकडा बदलायचा. राजेश्री फिरवायची, बबलू "थांब! आठ!" म्हणून ओरडायचा आणि दिपाली लिहायची. आठ, शून्य, नऊ, सहा. तीन काड्या सापडल्या. मग तीन, दोन, सात. दिवे लागायच्या आत सातही काड्या नावानिशी हजर झाल्या. दिपालीनं लॅपटॉपला ते शिकवलं आणि पडद्यावर शुद्ध आकडे उमटले. मीटरवर ३०८, लॅपटॉपवर ३०८. शेजारी घड्याळाची वेळ!

अण्णा मागे येऊन कधी उभे राहिले ते कुणाला कळलंच नाही. "पुस्तक नसताना?" एवढंच ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी सगळे येडबा आजाच्या विहिरीवर गेले. आजाचा एका एकराचा तुकडा त्याच डीपीवर होता. अण्णांनी आधीच बजावलं, "तारेला हात लावायचा न्हाई. कुणीच न्हाई. जोडणं माझं काम." सकाळची शेतीची लाईट यायच्या आधी त्यांनी मीटरच्या तारा स्टार्टरच्या पेटीत जोडल्या आणि पेटी बंद केली. माउसचा डोळा फक्त खिडकीतला उजेड बघणार होता. पोरं चांगली दहा हात लांब, लिंबाखाली.

नऊ वाजून एकवीस मिनिटांनी लाईट आली.

"चारशे एकवीस!" बबलूनं वाचलं. "दोनशे... आँ?"

दोनशे चौऱ्याऐंशी. दोनशे एक्याऐंशी. दोनशे नव्वद. पाऊण मिनिट आकडा तिथंच रखडला आणि मग हळूहळू चारशेवर चढला. आसपासच्या शेतांतून मोटारींचा आवाज येत होता. दहाच्या आत लाईट दोनदा गेली, दोनदा आली आणि दोन्ही वेळा तेच झालं. अकरा वाजता आकडा होता चारशे अठरा, कसा अगदी शहाण्यासारखा!

अण्णा मटकन खाली बसले. "सगळ्या मोटारी एकदम उठायल्यात. एवढ्या जणी एकदम उठल्या की कुणालाच ताकद पुरत न्हाई. मोटार गुरगुरते, फिरत न्हाई, आणि आतले वेढे तापतात. रोज, तीन-तीनदा!"

"पण एकदम कशा उठतील?" दिपालीनं विचारलं.

"ऑटो!" राजेश्री आणि अण्णा एकाच वेळी म्हणाले.

ऑटो म्हणजे स्टार्टरला लावलेली छोटी डबी. लाईट आली की ती आपोआप मोटार चालू करते, म्हणजे मालकाला शेतात जायची गरज नाही. डीपीवर ऑटो लावायचा नाही, असं सगळ्यांचं कधीचंच ठरलं होतं. त्या संध्याकाळी अण्णा डीपीवरच्या सगळ्यांना घरोघर विचारून आले.

"दिनकरराव म्हणाले, माझा काढून ठेवलाय. गोपाळ म्हणला, आपल्याला न्हाई जमत तसलं. बजरंगनं तर देवाची शपथ घेतली. व्यंकटराव अंगावरच आले! मग आता काय, मी त्यांना खोटं पाडू?"

"तुम्ही नका पाडू, अण्णा," राजेश्री शांतपणे म्हणाली. "रविवारची बैठक फक्त आजाच्या लिंबाखाली घ्या. नऊ वाजता. सगळ्यांना बोलवा. चहा आणि मुरमुऱ्यांची सुशीला."

"सुशीला कशाला?"

"खात असताना माणूस उठून जात नाही!"

रविवारी चौदाही जण आले. फुकटची सुशीला कोण सोडतो! बबलूच्या आजीनं, केवळाबाईंनी, मुरमुऱ्यांचं भलंमोठं पातेलं मधोमध ठेवलं. व्यंकटराव बाजेवर बसले. घास संपवून ते घसा खाकरतात तोच राजेश्री उभी राहिली.  अण्णा मान खाली घालून बसले होते आणि ते तिला बघवत नव्हतं.

"काका, एक विचारू? इथं सगळे आलेत ना? कुणी शेतात मागं राहिलंय का?"

"सगळी इथंच हायेत. का गं?" चांगुणाबाई म्हणाल्या. डीपीवरची एक मोटार त्यांची होती.

"आणि कुणाचाच ऑटो चालू नाही?"

"न्हाई, न्हाई," तेरा माना हलल्या. येडबा आजाची मान हलली नाही, कारण त्याच्याकडे ऑटोच नव्हता.

"मग थोडं थांबा. सकाळची लाईट आता येईलच."

दिपालीनं लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. पडद्यावर शून्य होतं. कुणी घास चावत होतं, कुणी बिडी शोधत होतं. मग आकडा उमटला.

"चारशे बावीस!" बबलू ओरडला. "आणि आता बघा!"

खट्! बांधापलीकडच्या व्यंकटरावांच्या पेटीतून आवाज आला. त्यांची मोटार तर दुकानात पडली होती, पण ऑटो बिचारा इमानदार! पाठोपाठ चारी बाजूंनी मोटारी गुरगुरू लागल्या. आकडा धाडकन खाली आला. दोनशे एकोणऐंशी. दिनकररावांच्या पाइपानं थोडंसं पाणी ओकलं आणि ते पुन्हा आत गेलं.

"काका," राजेश्री म्हणाली, "तुम्ही सगळे तर इथं बसलात. मग मोटारी कोण चालू करायलंय?"

 दिनकरराव सुशीलेतले शेंगदाणे वेचू लागले. बजरंगनं देवाची शपथ घेतली होती, तो आभाळाकडे बघू लागला.

पहिल्यांदा चांगुणाबाईंनाच हसू फुटलं. "माझा हाय बाई चालू! खोटं कशाला बोलू? म्हटलं, एकट्या माझ्या ऑटोनं काय होतंय?"

"मीबी तेच म्हटलं," गोपाळ पुटपुटला.

"मीबी!"

"आन् मीबी!"

व्यंकटराव बाजेवरून पडद्याकडे वाकले. आकडा अजून दोनशेतच घुटमळत होता. "हे रोज होतंय?" त्यांनी विचारलं.

राजेश्रीनं गुरुवारपासूनची नोंद दाखवली. वेळेसकट, ओळीनं. "वेढे तांब्याचेच आहेत, व्यंकटकाका. तांबं तरी किती दिवस सोसणार?"

"मग करायचं काय? लाईट कवा येते, कवा जाते, दर वेळी कोण पळत येणार?"

"पळत यायचं नाही. हजेरी घ्यायची," बबलू मध्येच घुसला. "मीटरमधून चौदा जण बोलतात. आपला क्रमांक आला की बोलायचं, न्हाईतर गप. म्हणून तर कळतं! तुमीबी चौदाच की!"

अण्णांनी आता मान वर केली. ऑटोत वेळ लावायची सोय असते, हे त्यांनी समजावून सांगितलं. एक क्रमांकानं लाईट आल्यावर लगेच, दुसऱ्यानं एक मिनिटानं, तिसऱ्यानं दोन मिनिटांनी. आजाला ऑटो नाही, त्यानं आपल्या क्रमांकाला हातानं बटण दाबायचं. अण्णा तिथूनच उठले आणि पेटी-पेटीवर जाऊन वेळा लावून आले. लाईट नेहमीप्रमाणे गेलीच. आली तेव्हा सगळे लिंबाखाली श्वास रोखून उभे होते.

चारशे बावीस. एक मोटार उठली. चारशे पाच, पुन्हा चारशे सतरा. मिनिटानं दुसरी. मग तिसरी. एकही गुरगुरली नाही. पाइपातून पाणी धो धो पडू लागलं आणि हरभऱ्याच्या सरीत शिरलं.

"बन्सी," व्यंकटराव सगळ्यांदेखत म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान होता, "माझी जीभ घसरली. तुझ्या तारेत खोट नव्हती, आमच्यात होती. पाटी उतरवायची न्हाई. न्हाईतर मी दारात येऊन बसेन."

 अण्णांनी पिवळं मीटर उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि राजेश्रीच्या हातात दिलं. "हे आता तुझं. माझ्यापाशी वीस वर्षं मुकंच होतं." राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

"पोरांनो, मोठ्या माणसांच्या वरताण निघालात!" चांगुणाबाईंनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. येडबा आजा बबलूकडे बघून नुसताच मिशीत हसत होता.

"पोरी, माझी मोटार आता तूच भर," व्यंकटराव म्हणाले.

"भरते की. पण एक अट आहे," राजेश्रीनं वही उघडली. "आजचे क्रमांक तात्पुरते, कायमचे हजेरी क्रमांक मी ठरवणार. एक नंबर येडबा आजाचा, कारण त्याच्याकडे ऑटो नव्हता."

"बरं. आन् माझा?"

"चौदा!"

सगळे हसू लागले. झरीत आजवर व्यंकटरावांचा नंबर कधी शेवटचा लागला नव्हता. त्यांनी एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा वाहत्या पाण्याकडे बघितलं. मग ते बाजेवरून उठले, शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "हजर!"